दाराबाहेर काही दिसू नये

यंदा दोन्ही उपास, आमचा ईस्टरआधीचा आणि रमजानचा, एकदमच आले. राखेच्या बुधवारी, आमच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, सून हॉस्पिटलमधली ड्युटी संपवून घरी आली, तिने मोबाइलवर वसईच्या आमच्या चर्चमधली मिस्सा लावली, आणि ती संपते न संपते तोच खालच्या मशिदीतून बांग झाली. समोरच्या इमारतीत ताटल्यांचा आवाज सुरू झाला. नात म्हणाली, "आजोबा, व्हाय इज एव्हरीवन फास्टिंग टुगेदर?" मी म्हटलं, "योगायोग." ती म्हणाली, "ओके," आणि खजूर खायला निघून गेली.

मुलाचं घर रियाधमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे. बाल्कनीसमोर शेजारच्या आवारातली खजुराची झाडं आहेत आणि त्यांचे शेंडे बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. परवा एक माणूस कमरेला दोर बांधून वर चढला. नर झाडाच्या फुलांची एक काडी त्याने मादीच्या तुऱ्यात उलटी खोचली आणि वरून सुतळी गुंडाळली. हाताला लागलेलं पीठ त्याने सदऱ्याला पुसलं. वारा माझ्याकडे होता. कच्च्या कणकेसारखा तो वास नाकात शिरला आणि मी बाल्कनीचं दार लावून आत आलो. त्या वासाने मला रास अल खैरचा एक उपासकाळ आठवतो, आणि तो आठवला की मला जेवण जात नाही. उपास असो वा नसो.

तेव्हा तिथे शहर म्हणावं असं काही नव्हतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू, आणि मधे समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्याचा सांगाडा उभा राहत होता. मी पाइपच्या कामावर फोरमन होतो. आमचा कॅम्प पोर्टा केबिनींचा होता, पत्र्याच्या पेट्या ओळीने मांडून ठेवाव्यात तसा. उन्हाळ्याच्या तोंडावर वाळूचं वादळ आलं की केबिनच्या फटीतून पिवळी भुकटी आत यायची. उशी झटकली तरी सकाळी दातांत कचकच. आठवडाभर वेल्डिंगचा ठणठणाट आणि शुक्रवारी एकदम शांतता. नुसत्या जनरेटरची घरघर. जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी निम्मा कॅम्प नमाजाच्या केबिनीत आणि निम्मा झोपलेला असायचा. ती वेळ आमची होती. आम्ही म्हणजे वसईचे काही जण, थोडे गोव्याचे, थोडे मंगळूरचे. आमचा रविवार शुक्रवारी व्हायचा, आणि तिथे दुसऱ्या धर्माची प्रार्थना उघडपणे करायला बंदी असल्याने तो हेंकच्या केबिनीत व्हायचा.

हेंक डच इंजिनिअर होता. बंदराचा तळ खणून खोल करायच्या कामावर आलेला. उंच, लालबुंद, मान खाली घालून दारातून आत यायचा. साहेबांच्या ओळीतल्या शेवटच्या केबिनीत एकटा राहायचा. माझ्या गळ्यातला लहानसा क्रूस त्याने एकदा शर्टाच्या बाहेर आलेला पाहिला आणि विचारलं, "रविवारी काय करतोस?" मी म्हटलं, "पाइप जोडतो." तो हसला आणि म्हणाला, "शुक्रवारी माझ्याकडे ये."

त्याच्या गावातल्या चर्चची गोष्ट त्याने आम्हाला इतक्यांदा सांगितली होती, की मी ते न बघता त्याचं चित्र काढू शकलो असतो. शहराच्या अगदी मध्यात, कालव्याच्या काठावर एक अरुंद विटकरी घर. बाहेरून व्यापाऱ्याचं घर वाटावं असं. वरती सामान चढवायचा लोखंडी आकडा, खाली हिरवं दार. शेकडो वर्षांपूर्वी त्या देशात कॅथलिकांना उघड मिस्सा करायला बंदी होती, तेव्हा तीन घरांच्या भिंती आतून फोडून वरच्या मजल्यांवर ते चर्च केलेलं. मधली जमीन कापून काढलेली, कडेने सज्जे, पुढे गुलाबी दगडाची वाटावी अशी पण लाकडाचीच रंगवलेली वेदी. लोक मागच्या गल्लीतून एकेक करून यायचे. गाणं हळू म्हणायचे. पुढे बंदी उठली, मोठमोठी चर्चं झाली, पण हेंकच्या घरच्यांनी ते लपलेलं चर्च सोडलं नाही. त्याचा बाप्तिस्मा तिथला, लग्न तिथलं. "माझी आजी एकच नियम सांगायची," तो म्हणायचा. "आत काहीही करा. दाराबाहेर काही दिसू नये."

आम्ही ऐकत राहायचो. आमच्या वसईत चर्चच्या घंटा पहाटे सगळं गाव उठवतात. घंटा न वाजवता देव टिकवून ठेवणाऱ्या त्या लोकांचं आम्हाला फार अप्रूप वाटायचं. पत्र्याच्या त्या पेटीत बसून मला वाटायचं, आपण त्याच कालव्याकाठच्या घरात बसलोय. मनातल्या मनात मी त्या चर्चचा माणूस झालो होतो.

पण हेंकची आणि आमची एका गोष्टीवरून दर शुक्रवारी खटपट व्हायची. चपला.

आम्ही आलो की दाराबाहेर चपला काढायचो. सवयच ती, आणि आत टेबलावर चादर घालून क्रूस ठेवलेला. हेंक म्हणायचा, "पायात राहू द्या, नाहीतर हातात घेऊन आत या. साहेबांच्या ओळीत कुणाच्या दाराबाहेर चपला नसतात. माझ्याच दारात हा ढीग!"

पेद्रू लोपीस आमच्यात सगळ्यांत वयस्कर. प्रार्थना तोच चालवायचा. तो माझ्याकडे बघून मराठीत म्हणायचा, "याला सांग रे बस्त्याव, आमच्याकडे वेदीच्या खोलीत पायतण नेत नाहीत."

मी हेंकला म्हणायचो, "सर, देव आहे आत. चपला आत कशा आणायच्या?"

"देवाला चालतं," हेंक म्हणायचा. "गार्डला चालणार नाही."

आम्ही ऐकलं नाही. मी तर मुळीच नाही. आपली श्रद्धा त्याच्यापेक्षा काकणभर जास्त आहे असं मला तेव्हा वाटायचं, आणि ते चपला काढून दाखवता येत होतं.

प्रार्थना संपवून बाहेर आलो की एक गंमत दिसायची. आम्ही कशाही भिरकावलेल्या चपला नीट जोडीने लावलेल्या असायच्या, पुढचं तोंड बाहेरच्या दिशेला करून. पाय घातला की चालायला लागायचं. एकदा माझ्या चपलेच्या पट्ट्याला कांद्याचं साल चिकटलेलं होतं. पुढच्या आठवड्यात पेद्रूच्या चपलेला. पेद्रू म्हणाला, "देवदूत येऊन गेला बघ." मी म्हटलं, "देवदूत कांदे फार खातो वाटतं." सगळे तोंड दाबून हसलो. हेंकही हसला. त्याला मराठी कळत नव्हतं, तरी हसला. यापलीकडे कुणी विचार केला नाही. साहेबांच्या ओळीत झाडलोट करणारी माणसं होती, त्यांतल्या कुणाचं तरी काम असेल असं धरून चाललो.

आता दाऊदबद्दल सांगायला हवं. दाऊद परकार रत्नागिरीकडचा, दाभोळच्या खाडीवरचा. कॅम्पच्या मेसचं सामान त्याच्याकडे होतं. कांदे, बटाटे, रोट्या, सगळं त्याच्या गाडीतून यायचं. माझ्याच वयाचा. पहिल्या दिवशी मला रांगेत मराठीत पुटपुटताना ऐकून म्हणाला, "अरे, तू आपला? मग ती पातळ डाळ कशाला घेतोस? मागनं ये." तेव्हापासून मला मागच्या दाराने मासळी मिळू लागली. तो माझ्या बोलण्याला हसायचा, मी त्याच्या. आमच्या शुक्रवारबद्दल त्याला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं. त्याने एवढंच विचारलं होतं, "गुपचूप?" मी म्हटलं, "गुपचूप." "मग मला कशाला सांगितलंस, शहाण्या?" असं म्हणून त्याने माझ्या ताटात दुसरी तुकडी वाढली.

त्या उपासकाळात झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा, जवळ आला तेव्हा आमच्याकडे झावळ्या नव्हत्या. कॅम्पच्या ऑफिससमोरच्या खजुरांना हात लावायची सोय नव्हती. दाऊदने कुठल्याशा खजुराच्या बागेतून, रोट्यांच्या पोत्यांखाली घालून, चार फांद्या आणल्या. त्यांना त्या फुलांचं पीठ लागलेलं होतं. माझ्या खोलीला दोन दिवस कणकेसारखा वास येत होता. "हे घे," तो म्हणाला. "काय वळायचंय ते वळ. आणि उरलं सुरलं जाळू नको रे इथं, धूर दिसतो." खजुराची पाती आपल्या माडासारखी मऊ नसतात, बोटं कापतात. मी बसून सगळ्यांसाठी लहान लहान क्रूस वळले. एक दाऊदला दाखवला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हात चांगला आहे तुझा. पाइपात वाया चाललाय."

पुढचा शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. वर्षात तोच एक दिवस, जो तिथेही आपल्या खऱ्या वारी यायचा. कधी न येणारेसुद्धा त्या दिवशी आले. केबिनीत बसायला जागा नव्हती. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं वाचन पेद्रू करत होता, त्यातली जमावाची वाक्यं आम्ही म्हणत होतो, दबक्या आवाजात. यहुदा येशूला पकडून द्यायला शिपायांना घेऊन बागेत येतो तो भाग झाला. पुढे पेत्र 'मी त्याला ओळखत नाही' म्हणतो तिथपर्यंत आलो आणि दारावर थाप पडली.

कॅम्पचा गार्ड होता, मागे कॅम्प मॅनेजर. कुणी हात उचलला नाही, कुणी ओरडलंही नाही. मॅनेजरने हेंककडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि इंग्रजीत म्हणाला, "हे इथं व्हायला नको होतं." पुस्तकं आणि क्रूस उचलले गेले. आम्ही एकेक करून बाहेर पडलो आणि भर उन्हात त्या ढिगात आपापल्या चपला शोधत बसलो. त्या दिवशी त्या लावलेल्या नव्हत्या. माझी एक पालथी पडली होती. ते मी पाहिलं, आणि त्याचा काही अर्थ मला लागला नाही.

आठवड्याच्या आत हेंकला दुसऱ्या कामावर पाठवलं. पेद्रूला घरी जाण्याची एक्झिट लागली. मुलीचं लग्न तोंडावर होतं त्याच्या. विमानतळाच्या बसमध्ये चढताना तो मला म्हणाला, "आपल्यातलाच कोणी नाही. बाहेरच्या कुणाला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "दाऊदला."

"आणि त्या दिवशी तो कुठे होता?"

त्या शुक्रवारी दाऊद कॅम्पवर नव्हता. पेद्रूने मान हलवली आणि बस निघाली.

आज एवढ्या वर्षांनी मला कळतं, की आम्ही नुकतंच यहुदाचं वाचन ऐकून उठलो होतो. त्या दिवशी आम्हाला विश्वासघात करणारा हवाच होता. तो नसता तर चूक आमची ठरली असती.

दाऊदशी बोलणं आम्ही सगळ्यांनी टाकलं. तो विचारायचा, "काय रे, रागावलास?" मी म्हणायचो, "काम आहे." ऑगस्टात रमजान आला. दरवर्षी तो एका संध्याकाळी मेसच्या मागे सगळ्या मराठी माणसांना इफ्तारीला बोलवायचा. "मराठी बोलायला तरी या," म्हणायचा. त्या वर्षीही तो केबिनीत सांगायला आला. मी ओव्हरटाइम आहे म्हणालो. ओव्हरटाइम नव्हता. खिडकीतून मला दस्तरखान दिसत होतं. त्याने नारळ घालून सांदणं केली होती, वाफ दिसत होती त्यांची. आमच्यापैकी एकही गेला नाही. थोडा वेळ तो वाट बघत उभा राहिला, मग खाली बसला. मी पडदा ओढून घेतला.

आणि वसईला परत आल्यावर मी ही गोष्ट सांगितली. ओटीवर, लग्नाच्या मांडवात, सणाच्या जेवणानंतर. "रत्नागिरीचा एक होता, आमच्या ताटात मासळी वाढायचा आणि तिकडे जाऊन सांगून आला." लोक हळहळायचे. मला गोष्ट चांगली सांगता येते. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती माझ्याच तोंडून ऐकली आहे.

गेल्या वर्षी मुलीकडे हॉलंडला गेलो. ती ज्या शहरात राहते तिथून हेंकचं गाव आगगाडीने जवळ. मुलीने त्याला शोधून काढलं. तो स्टेशनवर काठी घेऊन उभा होता, तितकाच उंच, लाली मात्र उतरलेली. मी म्हटलं, "आधी चर्च." तो म्हणाला, "आधी कॉफी." मी म्हटलं, "नाही, आधी चर्च." तो काठी टेकत पुढे निघाला. पावसाची बुरबुर होती. कालवा, पूल, सायकली, सगळं त्याने सांगितलं तसंच. अरुंद विटकरी घर. वरती लोखंडी आकडा. हिरवं दार. दारात मी वाकलो, बूट काढले, मोजे काढून त्यात खोचले, आणि आत पाय टाकला.

समोर काउंटरवर एक मुलगी उभी होती. ती गोड हसून म्हणाली, "सर, बूट काढायची गरज नाही."

हॉटेल होतं ते. लाकडी जिन्याने वर गेलो. सज्जे होते, वेदीही होती, तिच्यासमोर कॉफीचं मशीन आणि अंडी उकडायचं भांडं. कुमसाराच्या, पापांची कबुली द्यायच्या खोलीत एक माणूस मोबाइल चार्जिंगला लावून बसला होता. सकाळच्या न्याहारीची वेळ सरत आलेली. पावाचे तुकडे, जॅमच्या लहान डब्या. मी त्या थंड लाकडावर अनवाणी उभा होतो.

"कधी?" मी विचारलं.

"झाली काही वर्षं," हेंक म्हणाला. "बाकं जास्त आणि माणसं कमी. छप्पर गळत होतं. समितीत मीही होतो."

"तू काय म्हणालास?"

"मी हात वर केला, बस्त्याव. विकायच्या बाजूने."

मी त्याला काय काय बोललो ते सगळं लिहिता येणार नाही. म्हटलं, आम्ही तुझ्या आजीच्या नियमावर पत्र्याच्या पेटीत बसून विश्वास ठेवला. पेद्रूची नोकरी गेली. बंदी होती तेव्हा तुमच्या लोकांनी ते सांभाळलं, आणि दार उघडं टाकायला मोकळीक मिळाली तेव्हा तुम्ही अंडी उकडताय? मग मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा तो दाऊद बरा. तो निदान परका होता."

हेंकने कप खाली ठेवला. "दाऊदचं काय?"

"त्यानेच तर सांगितलं आमचं."

तो म्हणाला, "मग तुमच्या चपला कोण हलवत होतं असं तुला वाटलं?"

केबिनच्या खिडकीतून हेंकला दिसायचं. प्रार्थना सुरू झाली की दाऊद भाजीचे रिकामे क्रेट घेऊन यायचा, आमच्या सगळ्या चपला भरायचा आणि नमाजाच्या केबिनीबाहेर नेऊन ठेवायचा. जुम्म्याच्या दिवशी तिथे चपलांचा एवढा ढीग असतो, की त्यात आमच्या कुणाला दिसणार? मग नमाज संपला की पहिला तोच बाहेर यायचा, क्रेट उचलायचा आणि आम्ही उठायच्या आत दारात जोडीने लावून जायचा. हेंकने एकदा त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "त्यांना सांगू नका. बस्त्या हट्टी आहे, कळलं तर भांडेल."

"आणि गुड फ्रायडेला?"

"त्या सकाळी मेसच्या आचाऱ्याचा हात भाजला होता. दाऊद त्याला घेऊन दम्मामला गेला. मला सांगून गेला होता, आज चपला आत घ्या. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही ऐकलं नाही."

सांगितलं होतं त्याने. दर वेळी सांगायचा तसंच.

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्याला दोष देताय हे मला कोणी सांगितलं?" हेंक म्हणाला. ते खरं होतं, आणि तरी मला त्याचा राग आला. अजून आहे. दार ज्याने विकलं त्याच्याच तोंडून, विकलेल्या दाराच्या आत उभं राहून, मला हे ऐकावं लागलं.

यंदा रियाधला आलो आणि मुलाला म्हटलं, मला बत्त्याला ने. रियाधचा जुना बाजारभाग बत्हा, तिथली जुनी माणसं त्याला बत्त्याच म्हणतात. हुंडीची दुकानं, बसवाले, गर्दी. एका गल्लीत रत्नागिरीवाल्यांची लहानशी खानावळ आहे. मी गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, दाभोळकडचा दाऊद परकार माहीत आहे का. तो म्हणाला, "दाऊदचाचा? तो कधीच गेला गावाला. तुम्ही कोण?" मी म्हटलं, "वसईचा." त्याचा चेहरा जरा आवळला. नंबर मात्र त्याने दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लावला.

"कोण?"

"मी बस्त्याव. रास अल खैर."

मागे कोंबडा ओरडत होता. मग म्हणाला, "जिवंत आहेस?"

मी सगळं सांगितलं. हेंक, चर्च, चपला. मध्येच माझा आवाज गेला. तो म्हणाला, "रडू नको, फोन ओला होईल."

"मला माफ कर, दाऊद."

"मला कशाला सांगतोस? मी काय केलं ते मला ठाऊकच हाय." त्याचा आवाज चढला. "माझा पोरगा दम्मामला नोकरीला लागला तर तिथला तुमचा एक वसईवाला त्याला म्हणतो, परकार? तो चुगलीवाला परकार तुझा कोण? पोराने मला फोन करून विचारलं, अब्बा, हे खरं का? पोटच्या पोराने. त्याला मी चपलांचं सांगितलं. त्याला पटलं का ते मला अजून कळलेलं नाय. तू वसईत सांगितलंस ना? मग वसईतच सांग."

मी हो म्हटलं.

"आणि चपला कोणीपण उचलेल रे. त्याचं काय. पण तुम्ही इफ्तारीला आला नाहीत. सांदणं मी गार्डांना वाटली." मग थांबून म्हणाला, "तुझी ती तपकिरी चप्पल मात्र फार वास मारायची हां."

मी हसलो. तो हसला नाही. फोन ठेवला.

पेद्रू आता नाही. त्याला सांगायचं राहिलं. बाकीच्यांसाठी हे लिहितो आहे, आणि या वेळी गोष्ट रंगवून सांगत नाही. दाऊद परकारने आमची चुगली केली नाही. आमची चुगली आमच्या चपलांनी केली, आणि त्या बाहेर काढायचा हट्ट माझा होता. जोवर तो कॅम्पवर होता, तोवर त्या दाराबाहेर काही दिसलं नाही. हेंकच्या आजीचा नियम तिच्या नातवाने दार विकून मोडला, आम्ही चपला बाहेर काढून मोडला. एकट्या दाऊदने पाळला.

यापुढे कुणाच्या ओटीवर ही गोष्ट निघाली, तर अशी सांगा. आणि सांगताना कांद्याची सालं गाळू नका.